फेब्रुवारीतली मुंबई: आधी भरतीचा तक्ता, मग बाकीचा बेत

खाडीकाठ

"पाहुणे येणार आहेत, फेब्रुवारीत मुंबईत काय दाखवू?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि उत्तरं पाच धाग्यांत विखुरतात. म्हणून सगळं एकत्र आणतो आहे. भर घाला, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

या दिवसांत मुंबईत बघायच्या सगळ्यात देखण्या गोष्टी दोन: खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि ओहोटीला उघडे पडणारे खडकाळ किनारे. दोन्हींची वेळ पाणी ठरवतं. लोक रविवार आपल्या सोयीने धरतात, दहाला निघतात, अकराला शिवडीला पोचतात आणि समोर नुसतं पाणी नाहीतर मैलभर चिखल बघून परत येतात. पक्षी असतात, पण एक तर दुसरीकडे गेलेले नाहीतर क्षितिजावर गुलाबी रेघ होऊन बसलेले. म्हणून तारीख ठरवायच्या आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा. मुंबईसाठी तो "अपोलो बंदर" या नावाने मिळतो.

तक्ता हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहेच. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि प्रत्यक्ष भरती बहुधा थोडी उशिराच येते. बेत ठरवायला एवढं पुरतं, पाण्यात पाय घालायला नाही. त्यासाठी तक्ताच बघा.

आता रोहितांचं. पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून ठाण्याच्या खाडीत उतरायला लागतात, पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारी ते एप्रिल थवे मोठे असतात. त्यातही फेब्रुवारी बरा, कारण ऊन सोसवतं. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. बघायच्या मुख्य जागा तीन.

शिवडी: हार्बर लाइनवर शिवडी स्टेशन, पूर्वेला बाहेर पडून जेट्टीकडे. अटल सेतू इथूनच सुरू होतो. पूर्वीइतके थवे आता इथे भरवशाने दिसत नाहीत, पण पाणी चढताना आलेले पक्षी सगळ्यात जवळून इथेच दिसतात. पूर्ण भरतीच्या तीन तास आधी पोचा आणि एक तास आधीपर्यंत थांबा. पाणी चढतं तसा चिखलपट्टा आक्रसतो आणि पक्षी खात खात काठाकडे ढकलले जातात. शेवटच्या तासात चिखल बुडतो आणि थवा उठून जातो.

ऐरोली: ट्रान्स-हार्बरवर ऐरोली स्टेशन, तिथून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. इथून खाडीत बोटी सुटतात.

नेरुळ-सीवूड्सचे तलाव: सीवूड्स-दारावे स्टेशनवरून डीपीएस तलाव. खाडी भरली, चिखल बुडाला की पक्षी इथे येऊन उभे राहतात. म्हणजे शिवडी रिकामी होते तेव्हा ही जागा भरते.

ही एवढी साखळी डोक्यात बसली की बेत चुकत नाही.

दुर्बीण८x४२

उत्तम धागा. शिवडीबद्दल एक महत्त्वाची भर: उजेड.

शिवडीचा काठ पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य थेट डोळ्यात येतो आणि पक्षी काळ्या सावल्या दिसतात. वर हिवाळ्यात वारा पडलेला असतो, खाडीवर धुरकं साचतं. साडेनऊपर्यंत पलीकडचा काठही दिसत नाही. दुपारी तीननंतर ऊन पाठीमागून येतं आणि तेव्हाच तो गुलाबी रंग खरा उघडतो. म्हणून शिवडीसाठी पूर्ण भरती संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या आसपास असलेला दिवस निवडा, म्हणजे षष्ठी किंवा सप्तमी, शुद्ध काय नि वद्य काय. दोन-अडीचला पोचायचं, चारपर्यंत पक्षी समोर.

या तिथींना भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार दीड-दोन मीटरचीच. पाणी सावकाश चढतं, पक्षी जास्त वेळ एका जागी खात राहतात. उधाणाला हीच चढउतार चार मीटरच्या आसपास जाते आणि जवळून बघायला मिळणारा काळ तासाभरावर येतो.

दुर्बीण ८x४२ किंवा १०x४२. त्याहून जास्त मोठं करून दाखवणारी घेतली तर हात थरथरतो आणि चित्र हलतं, तिपाई लागते. कॅमेऱ्याला निदान ३०० मिमीची लेन्स. काळ्या चिखलामुळे कॅमेरा उजेड कमी आहे असं समजतो आणि फिके पक्षी पांढरेफटक येतात, त्यामुळे एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली ठेवा. साडेदहा-अकरानंतर चिखलावरून झळ उठायला लागते. मग कितीही महाग लेन्स लावा, लांबच्या पक्ष्यांचे फोटो भुरकटच येणार. ती लेन्सची चूक नाही, मधली हवा हलत असते.

सोलापूरचे_पाहुणे

आई-वडील येणार आहेत, दोघं सत्तरीच्या पुढचे. वडिलांना गुडघ्याचा त्रास. बोट जमेल का? आणि धाकट्या रोहित-मोठ्या रोहितात फरक कसा ओळखायचा, सोप्या शब्दांत सांगाल का?

खाडीकाठ

@सोलापूरचे_पाहुणे, बोट जमेल, पण धक्क्यावरून बोटीत उतरताना पाय खाली टाकावा लागतो. पाणी जितकं चढलेलं तितकी उतरणी कमी, म्हणून पूर्ण भरतीच्या जवळची फेरी मागा आणि बुकिंग करतानाच गुडघ्याचं सांगून ठेवा. ऐरोलीला आत बसायला सावली आहे, स्वच्छतागृह आहे, बोटीला वेळ असेल तर आतलं माहितीदालन बघण्यासारखं आहे. शिवडीच्या जेट्टीवर यांतलं काहीच नाही. वयस्कर माणसांना तिथे नेऊ नका.

बोटीचं गणित असं. पाणी पूर्ण उतरलं तर बोट चिखलात टेकते, म्हणून फेऱ्या भरतीच्या आगेमागेच असतात. आणि पूर्ण भरतीला चिखल बुडालेला असतो, तेव्हा पक्षी कांदळवनाच्या कडेला सरकलेले किंवा तलावावर गेलेले. सगळ्यात चांगली फेरी भरती ओसरू लागल्यानंतरची पहिली. चिखलाची पाठ पाण्याबाहेर येते, पक्षी तिथे उतरतात आणि बोट अजून तरंगते आहे. ऐरोली खाडीत आत असल्याने तिथे भरती अपोलो बंदराच्या वेळेपेक्षा उशिरा पोचते, अर्धा तास धरून चाला. केंद्र सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवारच्या फेऱ्या आधीच भरतात, त्यामुळे शक्य असेल तर मधला वार धरा.

वडिलांना बोट नको वाटली तर सीवूड्सचा तलाव. रस्त्यापासून जवळ, चढ-उतार नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बारा-साडेबाराला असते, तेव्हा अकरा ते एक तलावावर. सोबत टोप्या आणि पाणी न्या, सावली कमी आहे.

सुकती

ओळखण्याचं मी सांगते. चोच बघा, उंची नाही. लांबून एकटा पक्षी उंच की बुटका कळत नाही. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. लहान रोहिताची चोच गडद लाल, लांबून काळपटच दिसते. मोठा अंगाने पांढुरका, पंख उघडले की आतला लाल रंग भस्सकन दिसतो. लहान सगळाच गुलाबी. थव्यात मळकट राखाडी पक्षी दिसले तर ती पिल्लं आहेत, आजारी नाहीत. रंग पूर्ण यायला दोन-तीन वर्षं लागतात. तो रंगही खाण्यातून येतो, शेवाळातल्या आणि बारीक कोळंबीवर्गी जिवांतल्या रंगद्रव्यातून.

खाताना नीट बघा. मान खाली, चोच उलटी, वरचा जबडा चिखलाकडे. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते, बाहेर फेकते आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत खाणं अडकतं. मोठा रोहित एका जागी पाय आपटत गोल फिरतो, तळातला गाळ उठवतो. पाणी उतरल्यावर त्या जागी चिखलात वाटोळी रिंगणं राहतात. दुर्बिणीतून ती रिंगणं दिसली की समजावं, थोड्या वेळापूर्वी पक्षी इथे होते.

आणि कळकळीने सांगते, थवा उडताना दिसावा म्हणून टाळ्या वाजवणं, दगड टाकणं, ड्रोन सोडणं हे करू नका, कुणी करत असेल तर थांबवा. पक्षी इथे परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायला येतात. प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते.

दादरचा_नोकरदार

छान माहिती. खडकाळ किनाऱ्याचं कुणी तपशिलात लिहील का? सोबत नऊ आणि बारा वर्षांची मुलं असतील. कुठे न्यावं, किती वाजता, पायात काय?

सुकती

हे जरा सविस्तरच लिहिते, कारण इथे चूक महागात पडते.

दिवस: उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी नाही, एक-दोन दिवस नंतर सगळ्यात जोरात असतं. तेव्हाच पाणी सगळ्यात खाली जातं. तक्त्यात ओहोटीचा आकडा ०.८ मीटरच्या खाली हवा, ०.५ असेल तर उत्तम. दीड मीटरच्या ओहोटीला बघण्यासारखे खडक बाहेरच येत नाहीत. सकाळची आणि संध्याकाळची ओहोटी सारखी खोल नसते, दोन्ही आकडे बघा.

वेळ: पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते. त्रयोदशी-चतुर्दशीला संध्याकाळी चार ते पाच. मुलांना घेऊन सकाळचीच बरी. संध्याकाळच्या ओहोटीला परतताना अंधार पडायला लागतो आणि घाईत पाय घसरतो.

पोचायचं पूर्ण ओहोटीच्या एक-सव्वा तास आधी. उतरत्या पाण्याच्या मागे मागे जायचं. पूर्ण ओहोटीची वेळ झाली की तोंड किनाऱ्याकडे. हा नियम मोडायचा नाही. कारण सांगते. पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. चढ चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर चढतं, माणूस निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या तासात एका तासात मीटरभर. शिवाय पाणी समोरून येत नाही, आधी मागच्या घळीत शिरतं. तुम्ही उभे आहात तो खडक कोरडा आणि परतीची वाट कमरेएवढ्या पाण्यात, असं होतं.

जागा: लहान मुलं असतील तर जुहू कोळीवाड्याकडची बाजू, वाळू आणि खडक दोन्ही मिळतात. गिरगाव चौपाटीवर वाळूतले जीव. वांद्र्याचं बँडस्टँड आणि कार्टर रोड इथे खडक फार, शेवाळ निसरडं, दहा वर्षांखालच्या मुलांना नको.

पायात बंद बूट, रबरी तळव्याचे, जुने. चपला नकोत, चिखल ओढून घेतो. अनवाणी तर मुळीच नाही, कालवांची कड ब्लेडसारखी कापते आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत. पावलं शेवाळावर नाही, खरखरीत करड्या खडकावर.

काय दिसेल: खळग्यांत समुद्रफुलं (सी ॲनिमोन, फुलासारखे दिसणारे प्राणी), शंखात राहणारे खेकडे, स्पंज, गोगलगायींचे प्रकार, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपस. खडकावर हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा पसरलेला दिसला तर ते झोएंथिड. हात लावू नका, त्यांच्या काही जातींत तीव्र विष असतं. शंकूच्या आकाराचा शंख उचलू नका, आत जीव असेल तर डंख करू शकतो.

वाळूत एक गोष्ट मुद्दाम शोधा. तुटक्या रबरी वॉशरसारखी किंवा शर्टाच्या कॉलरसारखी, वाळूच्याच रंगाची चकती. लोक प्लास्टिक समजून कचऱ्याच्या पिशवीत टाकतात. ती एका समुद्री गोगलगायीची अंडी असतात, वाळू आणि चिकट द्रव मिसळून केलेली. उजेडाकडे धरून बघायचा मोह होतो, पण उचलू नका, वाकून बघा.

दगड उलटला तर हळूच होता तसा परत ठेवायचा. खालचे जीव उन्हात काही मिनिटांत सुकतात. शंख घरी आणायचे नाहीत, रिकामा शंख पुढच्या खेकड्याचं घर आहे.

पहिल्यांदा जात असाल तर जाणकारांसोबत जा. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून किनाऱ्यावर अशा फेऱ्या काढतो.

दादरचा_नोकरदार

बारा भागांचा हिशोब मुलांना वहीत काढून दाखवतो. मनापासून आभार.

पळसपान

सगळे पाण्याकडे बघताय, जरा वर बघा. फेब्रुवारी हा मुंबईतल्या झाडांचा महिना आहे.

काटेसावर जानेवारीच्या अखेरीपासून फुलते. पानं झडलेली, नुसती लाल मांसल फुलं. झाडाखाली सकाळी साडेसात ते नऊ उभे राहा. फुलांत मध भरपूर, त्यामुळे मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, खारी असा गोंगाट असतो. पळसमैनाही यांत असतात, फिक्या गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. त्यांचं नाव पळसावरूनच पडलं आहे. पळस आणि पांगारा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेत.

विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला गुलाबी टॅबेबुया फुलतो, साधारण फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. ऐन बहर आठवडा-दहा दिवसांचाच, म्हणून फोटो दिसायला लागले की लगेच जा. महामार्गावर गाडी थांबवू नका, दर वर्षी तिथे लोक जीव धोक्यात घालतात. विक्रोळी स्टेशनला पूर्वेला उतरून सर्व्हिस रोडने चालत जा, सकाळी आठच्या आत.

टॅबेबुया मध्य-दक्षिण अमेरिकेतला, दिसतो देखणा. पण पळसाखाली दहा मिनिटं उभं राहिल्यावर जेवढे पक्षी दिसतात तेवढे तिथे दिसत नाहीत. एकच सकाळ असेल तर मी पळसाला देईन.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशीचं झाड या दिवसांत फुलतं. लालसर-गुलाबी फुलांचे लोंबते झुबके, टोकाला पिवळा ठिपका. बाग बुधवारी बंद. लोक पेंग्विन बघून परत फिरतात. बाग १८६०च्या दशकातली आहे, जुने वृक्ष हीच तिथली खरी श्रीमंती. झाडांवरच्या पाट्या वाचत फिरा, दोन तास कमी पडतात.

लेणीवेडा

राष्ट्रीय उद्यानाचा विषय निघालाच आहे तर कान्हेरी. उद्यान सोमवारी बंद. मुख्य दरवाज्यापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, आतून बस मिळते. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. पहिली बस धरा. अकरानंतर काळा खडक तापतो आणि वरच्या लेण्यांकडे जायची इच्छा राहत नाही.

बहुतेक जण ३ क्रमांकाचं चैत्यगृह बघून खाली येतात. वर ४१ मध्ये अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे, तो चुकवू नका. ९० मध्ये पहलवी लिपीतले लेख आहेत, अकराव्या शतकात इथे येऊन गेलेल्या पारशांनी कोरलेले. तिरपा उजेड पडतो तेव्हाच अक्षरं उठून दिसतात, मोबाइलची बॅटरी भिंतीला समांतर धरून बघा, समोरून नाही. भिंतीला हात लावू नका.

लेण्यांशेजारच्या पोढ्या बघा. डोंगरावर पडलेलं पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून या टाक्यांत उतरतं. फेब्रुवारीत काहींत अजून पाणी असतं आणि पन्हळी कोरड्या, त्यामुळे पाण्याची सगळी वाट डोळ्यांनी माग काढत बघता येते. पावसाळ्यात हे जमत नाही.

माणशी दोन लिटर पाणी. खाणं हातात धरू नका, माकडं हिसकावतात. महाशिवरात्रीला कान्हेरी आणि घारापुरी दोन्हीकडे अफाट गर्दी असते, शांतपणे बघायचं असेल तर तो दिवस सोडा.

दुर्बीण८x४२

घारापुरीचं नाव आलं म्हणून: गेटवेहून सुटणाऱ्या लाँचमागे कुरव, म्हणजे सीगल, येतात, लोक शेव-वेफर्स उधळतात. हे थांबायला हवं. तेलकट-खारट खाणं त्यांच्या कामाचं नाही. नुसतं बघा, फेब्रुवारीअखेर त्यांच्या डोक्यांवर तपकिरी रंग चढायला लागतो, विणीच्या पिसांचा. एकाच थव्यात पांढऱ्या डोक्याचे, अर्धे रंगलेले आणि पूर्ण रंगलेले, तिन्ही दिसतात.

सोलापूरचे_पाहुणे

वद्य षष्ठीच्या आसपास रविवार येतो आहे. शिवडी नको म्हणालात, मग त्या दिवशी ऐरोली धरू का?

खाडीकाठ

हो. षष्ठीला हिशोबाने भरती साडेचारला, ऐरोलीला पाचच्या सुमाराला. ओसरतीची फेरी तेव्हा अंधारात जाईल, म्हणून त्या दिवशी चढतीची, साडेतीन-चारची फेरी मिळते का बघा. चिखल अजून थोडा उघडा असतो. पण केंद्र फेऱ्यांच्या वेळा स्वतः ठरवून लावतं, तिकीट काढण्याआधी त्या दिवसाची वेळ विचारा. शनिवार चालत असेल तर तो अधिक बरा, भरती पाऊण तास आधी आणि गर्दीही थोडी कमी.

रविवारीच जाणार असाल तर रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून घ्या. हार्बर आणि ट्रान्स-हार्बरवर तो बहुधा ऐन दुपारीच असतो, म्हणजे तुम्हाला निघायचं तेव्हाच. ब्लॉक असेल तर ठाणे किंवा मुलुंडहून ऐरोली पुलाने रिक्षा-टॅक्सी, वडिलांच्या गुडघ्यालाही तेच सोयीचं. परतताना पुलावर संध्याकाळी गाड्या तुंबतात, सोलापूरची रात्रीची गाडी त्याच दिवशी धरू नका.